काळ्या पुठ्ठ्याची वही

१

रविवारची मिस्सा, म्हणजे सगळ्यांची प्रार्थना, आटोपून तास-दीड तास झाला असेल. बोरदरीच्या चर्चमागच्या खोलीत फादर अँब्रोज उघड्या कपाटापुढे उभे होते आणि एकच फळी पुन्हापुन्हा हातानं चाचपत होते. त्या फळीवर तीन जाडजूड वह्या असायच्या. एक लाल, एक हिरवी, एक काळी. लाल होती, हिरवी होती. काळी नव्हती.

खोलीबाहेरच्या बाकावर बबिता बसली होती. हदगावहून पहिली एसटी धरून, नांदेडला गाडी बदलून, नर्सीच्या फाट्यावरून ऑटोनं ती इथवर आली होती. तिला फक्त एक दाखला हवा होता. बावीस वर्षांपूर्वी याच चर्चमध्ये तिचं अमरेशशी लग्न लागलं होतं, आणि आता लातूरच्या कोर्टात अमरेशनं लिहून दिलं होतं की असं लग्न झालंच नाही. त्याला दुसरा घरोबा करायचा होता. लग्न लावणारे फादर वारले होते, फोटो सासरी राहिले होते. पुढच्या आठवड्यात तारीख होती.

फादरांनी सिंधुबाईंना बोलावणं धाडलं. कारण त्या वह्यांची माहिती गावात त्यांच्याइतकी कुणालाच नव्हती. सिंधुबाई चर्चच्या नव्हेत. शेतकऱ्याच्या घरच्या, देव्हाऱ्यात खंडोबाचे टाक. पण मिशनच्या शाळेत तेहतीस वर्षं त्यांनी पोरांना बाराखडी गिरवायला लावली होती. रिटायर झाल्यावर, चर्चच्या इमारतीला साठ वर्षं पुरी होताहेत म्हणून, चर्चचा इतिहास लिहायचं काम फादरांनी त्यांच्याकडंच दिलं होतं. वर्षभर त्या वह्यांत नाक खुपसून बसल्या होत्या. त्याच सकाळी मिस्सेनंतर उभं राहून त्यांनी सगळ्यांना सांगितलंही होतं, की पंधरा मेच्या सणाला जुन्या वह्या मांडवात टेबलावर ठेवणार आहोत, बहात्तरच्या दुष्काळातली पानं उघडून ठेवू, ज्यानं त्यानं येऊन आपल्या माणसांची नावं बघावीत.

बाई आल्या, कपाट बघितलं, कुलूप बघितलं. कुलूप फोडलेलं नव्हतं, कारण ते कधी लावलेलंच नव्हतं.

"काळी म्हणजे लग्नांची," त्या म्हणाल्या. "चौऱ्याण्णवपासूनची."

बाहेरून बबितानं ते ऐकलं. ती रडली नाही. पदर सारखा करत एवढंच म्हणाली, "बाई, माझं लग्न झालेलं जगात तेवढ्या एकाच ठिकाणी लिवलेलं हाय."

२

चर्च संत इसिडोरचं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी स्पेन देशात होऊन गेलेला हा शेतमजूर, दुसऱ्याच्या रानात औत हाकणारा. कामाआधी प्रार्थनेला जातो म्हणून सोबत्यांनी मालकाकडं चुगली केली. मालक बघायला आला, तर इसिडोर गुडघे टेकून बसलेला आणि त्याचं औत देवदूत हाकताहेत. ही गोष्ट बोरदरीला ऐकताक्षणी पटली. नाव तेवढं जिभेला पेललं नाही, म्हणून गावानं त्याचं औताबाबा करून टाकलं.

मूर्तीही गावच्याच सुतारानं घडवलेली. तेव्हाचे फादर साल्वादोर गोव्याचे. त्यांनी सुताराला एक विलायती चित्र दिलं होतं. सुतारानं ते एकदा नीट बघितलं, भिंतीला उलटं टेकवलं आणि सागवानातून आपल्याला दिसला तसा संत काढला. डोक्याला पटका, आणि पुढं लाल कंधारी बैलांची जोडी. फादर आधी चित्राकडं बघत राहिले, मग हसले, आणि मूर्ती वेदीशेजारी गेली. पेरणीच्या आधी, मेच्या ऐन उन्हात त्याचा सण. त्या दिवशी चर्चचे असोत नसोत, सगळे शेतकरी मूठमूठ बियाणं घेऊन येतात आणि फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात.

सिंधुबाईंना आठवायचं ते बहात्तर सालचं आवार. तेव्हा त्या दहा-अकरा वर्षांच्या. विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली, आणि हातात जर्मनचा डबा घेऊन पोरांची रांग चर्चच्या भिंतीला लागलेली. वाटपाच्या सुकडीचा गोडूस वास, मिलो ज्वारीच्या लालभडक भाकरी, पातेल्यात ढवळलेली दुधाची भुकटी. रांगेत जात विचारत नव्हते आणि धर्मही विचारत नव्हते. साल्वादोर फादर स्वतः डाव घेऊन उभे असायचे आणि आपल्या कोकणी वळणाच्या मराठीत प्रत्येक पोरीला म्हणायचे, "सांडू नको हां बाय." घरी परत जाताना बाई तो डबा छातीशी धरून चालायच्या. इतक्या वर्षांनीही आवारात शिरलं की हात आपोआप छातीशी जायचा.

तर अशा आवारात चोरी झाली होती. बाईंना राग येण्याआधी वाईट वाटलं.

त्यांनी बसवराजला गाठलं. चाळीस वर्षं घंटा वाजवणारा, फुलं-मेणबत्त्या बघणारा हा म्हातारा मूळचा उदगीरकडचा. मागच्या खोलीला कुलूप हवं असं फादर वर्षभर म्हणत होते आणि तो वर्षभर टाळत होता, त्यामुळे आता त्याचा चेहरा पडला होता. सकाळी वह्या तिन्ही होत्या, हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. त्यानंतर खोलीत कोण कोण गेलं, ते त्यानं बोटांवर मोजत सांगितलं. लातूरचे प्राध्यापक निवृत्ती, जुनी कागदपत्रं बघायला. बियाणं निवडायला बसणाऱ्या पाच बाया, आपापलं सूप आणि टोपलं घ्यायला. आणि आणखी एक जण, ज्याचं नाव घ्यावं की नाही अशा विचारानं तो थांबला.

"चौदा वर्सांत मिस्सेला आला न्हवता," बसवराज म्हणाला. "आज आला. अमरेश."

३

अमरेश फाट्यावरच्या हॉटेलात सापडला. बाईंना बघून उठून उभा राहिला, शाळेतली सवय. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं. त्यानं सांगितलं, की खोलीत गेलो होतो हे खरं, फादरांना भेटायला, बबिताला दाखला देऊ नका म्हणून विनवायला. फादर तिथं नव्हते, म्हणून परतलो. वहीला हात लावला नाही.

बाईंना त्याचा संताप आला, पण पुढं तो जे बोलला त्यानं त्या विचारात पडल्या.

"मी चांगला माणूस न्हाई, बाई. पण अडाणी बी न्हाई. मला एका पानाची अडचण होती. ते पान फाडून खिशात घालायला किती वेळ लागतो? तेवढी पाच शेराची वही बगलेत मारून दिवसाढवळ्या आवारातून कशाला जाईन?"

बाई परतल्या.

प्राध्यापक निवृत्तींना त्यांनी फोन केला. मराठवाड्यातल्या मिशनवर ते पुस्तक लिहीत होते आणि जुने कागद म्हटलं की त्यांच्या तोंडाला पाणी सुटतं, हे लातूरपासून औशापर्यंत माहीत होतं. वह्या महिनाभर नेऊ द्या म्हणून त्यांनी फादरांकडं दोनदा खेटे घातले होते. चोरीचं ऐकून ते आधी हबकले, मग कोणती वही ते विचारलं, आणि काळी म्हटल्यावर त्यांनी जवळजवळ सुटकेचा श्वास टाकला. लाल वही शाबूत आहे ना, एवढंच त्यांनी तीन वेळा विचारलं. अठ्ठावन्न सालची, पहिल्या बाप्तिस्म्यांची. इतिहास काय तो तिच्यात. परवा-परवाची लग्नं घेऊन मी काय करू, असं ते म्हणाले. बाईंना ते पटलं. हिऱ्याशेजारचा खडा कोण उचलेल?

संध्याकाळी फादरांनी बाईंना सांगितलं, की मंगळवारपासून सणाची नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, सुरू होते. तोवर वही मिळाली नाही तर नायगावला जाऊन पोलिसांत अमरेशचं नाव द्यावं लागेल. बबितासाठी तेवढं करायलाच हवं. फादर वसईकडचे, तरणे, सरळ मनाचे. त्यांना दुसरा मार्ग दिसत नव्हता.

बाईंनाही दिसत नव्हता. ज्याला वही नकोशी होती त्याला एक पान पुरलं असतं. ज्याला वह्या हव्याशा होत्या त्यानं लाल नेली असती. म्हणजे काळी वही चोरण्याचं कारण अख्ख्या पंचक्रोशीत कुणापाशीच नव्हतं, आणि तरी ती चोरीला गेली होती.

४

सोमवारी सकाळी बाई पुन्हा त्या कपाटापुढं येऊन बसल्या. उरलेल्या दोन वह्या त्यांनी मांडीवर घेतल्या. हिरवी वही त्यांच्या मायेची. सत्तर ते त्र्याण्णव सालचे बाप्तिस्मे. शहाण्णव साली तिला वाळवी लागली तेव्हा शाळेचा जुना हिरवा पडदा कापून, खळ लावून, बाईंनी स्वतः तिला कापड चढवलं होतं. पाठीवर आपल्या वळणदार अक्षरात पट्टी चिकटवली होती: बाप्तिस्मा. तशीच एक पट्टी त्यांनी काळ्या वहीवरही लावली होती: विवाह. टपोरी अक्षरं, दुसरीतलं पोरही वाचील अशी.

कोपऱ्यावरून बोट फिरवताना कापड थोडं सुटलेलं लागलं. बाईंनी ते उचलून खाली पाहिलं. आतला मूळचा पुठ्ठा काळा होता.

त्यांनी ते कापड पुन्हा दाबून बसवलं.

शहाण्णवच्या आधी बोरदरीच्या चर्चमध्ये काळी वही म्हटली की ती हीच. लग्नांची काळी वही तेव्हा नुकतीच नांदेडहून आणलेली, कुणी फारशी पाहिलेलीही नव्हती. आणि काल सकाळी मिस्सेनंतर आपण काय सांगितलं? दुष्काळातली पानं उघडून ठेवणार. ती पानं कुठली? या, आताच्या हिरव्या वहीतली. ते ऐकून कुणाला तरी ती पानं उघडी पडायला नको होती. त्या कुणाला तरी ती वही जशी दुष्काळात पाहिली तशी आठवत होती, काळी. ते माणूस खोलीत गेलं, काळी वही दिसली, उचलली. पाठीवर 'विवाह' लिहिलेलं होतं, ते त्याला दिसलं असेल, पण वाचता आलं नाही. म्हणूनच एक पान फाडता आलं नाही. अख्खी वही न्यावी लागली.

चोरानं चुकीची वही नेली होती.

बाईंनी बसवराजनं सांगितलेली नावं मनात पुन्हा मोजली. निवृत्ती, अमरेश, पाच बाया. त्या पाचांतल्या चार जणींना वाचायला खुद्द बाईंनीच शिकवलं होतं, दोघींना छड्या देऊन. पाचवी कधी शाळेची पायरी चढली नव्हती. पन्नास वर्षं दर मेमध्ये ती औताबाबापुढं सूप घेऊन बियाणं निवडायला बसायची. तिच्याइतकं झटपट खडे वेचणं कुणाला जमत नसे. चर्चची नव्हती, गावातल्या भल्या घरची होती, आणि तिच्या हातचं खाल्ल्याशिवाय सिंधुबाईंची एकही दिवाळी गेली नव्हती.

रुक्मिणबाई.

५

नाव सापडलं, पण कारण सापडेना. रुक्मिणबाईचा बाप्तिस्म्याच्या वहीशी संबंध काय?

बाई पार्वतम्माकडं गेल्या. दुष्काळात मिशनच्या दवाखान्यात राबलेली आता ती एकटीच उरली होती. देगलूरकडची, घरची बोली तेलुगू, वय नव्वदीच्या घरात, दोन्ही डोळे गेलेले. तिच्या खाटेशी बसून बाईंनी इकडच्या तिकडच्या आठवणी काढल्या. पार्वतम्माला बोलायला माणूसच हवं होतं. तलावाच्या दुष्काळी कामावर कुठून कुठून बाया यायच्या, खडी फोडता फोडता तिथंच बाळंत व्हायच्या, डॉक्टर सिस्टर रात्रंदिवस कशा उभ्या असायच्या, हे सगळं ती काल घडल्यासारखं सांगत राहिली. मरायला टेकलेल्या लेकराच्या डोक्यावर सिस्टर आधी पाणी घालायच्या, नाव ठेवायच्या, आणि मग औषधाला धावायच्या. तोच बाप्तिस्मा; वहीत लिहिणं मागनं.

बाईंनी हळूच विचारलं, की त्या वहीत कधी गावातल्या, चर्चच्या नसलेल्या बाईचं काही लिहिलं होतं का. पार्वतम्मा म्हणाली, की सिस्टरला वचन दिलंय, नाव सांगणार नाही.

"पण येवडं सांगते, अम्मा," ती म्हणाली. "वहीत अंगठा उठवणारे सगळे आपले. येकलीच बाहेरची. तिच्या अंगठ्याची शाई म्याच पुसली, तेल लावून."

बाईंनी चर्चमध्ये येऊन हिरव्या वहीत त्र्याहत्तर सालची पानं काढली. साल्वादोर फादरांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं बारीक, सरळ. फेब्रुवारीतल्या एका ओळीच्या शेवटी अंगठा होता. बाईंनी ती ओळ वाचली, मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

रुक्मिणबाईच्या शेषेरावाचा जन्म त्याच सालच्या पावसाळ्यातला, तिच्या माहेरी झालेला, असंच अख्खं गाव समजत आलं होतं. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेला एकुलता एक लेक. ती आठ महिने माहेरी राहून कडेवर पोर घेऊन परतली, तेव्हा गावानं साखर वाटली होती. छोट्या सिंधूच्या हातावरही चिमूटभर पडली होती.

बाईंनी वही पिशवीत घातली आणि रुक्मिणबाईच्या घराची वाट धरली.

६

शेषेराव रानात होता, सून नायगावच्या बाजाराला गेली होती. रुक्मिणबाई ओसरीवर हळकुंडं निवडत बसली होती. बाईंच्या पिशवीकडं एकदा बघितलं आणि तिनं सगळं ओळखलं. ती आत गेली. देव्हाऱ्याखालून एक गाठोडं आणून बाईंपुढं ठेवलं. नव्या कोऱ्या खणात गुंडाळलेली काळी वही. वरती हळदकुंकू वाहिलेलं.

"टोपल्यात घालून आनली, चुलीपाशी नेली व्हती," ती म्हणाली. "हात धजला न्हाई. पोथी हाय ती."

बाईंनी तिला शेजारी बसवलं आणि सांगितलं, की मावशी, ही ती वही नव्हे. ही लग्नांची आहे. त्या हदगावच्या पोरीचं लग्न यात आहे आणि यापायी ती काल रिकाम्या हातानं परत गेली.

रुक्मिणबाईला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "म्हंजी दुसऱ्याच बाईचा संसार उचलून आनला म्या."

मग ती बोलत गेली. दुष्काळात मोठ्या घरच्या बायाही तलावाच्या कामावर जात होत्या. तिच्याकडं पाणी वाढायचं काम होतं. तिथं एक परमुलखातली बाई खडी फोडायची, दिवस भरलेली, नवरा कधीचाच पळालेला. ती मिशनच्या दवाखान्यात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. लेकरूही जाणारच होतं. सिस्टरनं त्याच्यावर पाणी घातलं, नाव ठेवलं. रुक्मिणबाई पाणी द्यायला म्हणून गेली होती. सिस्टरनं ते गाठोडं तिच्या ओच्यात टाकलं आणि कापसाच्या बोळ्यानं दूध कसं पाजायचं ते दाखवलं. चार दिवस ती उठलीच नाही. पाचव्या दिवशी लेकरानं तिचं बोट धरलं. मालक, म्हणजे भुजंग, बघायला आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, आता खाली ठेवू नको. साल्वादोर फादरांनी वहीत काही लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. मग दिवस गेल्याचं गावात सांगून ती लेकरासकट माहेरी गेली, आणि तिथं त्याचं नाव शेषेराव ठेवलं.

"फादर वाचून दाखवत व्हते. म्या कानावर हात ठेवले. त्यात तिचं नाव असंल, ह्यो दुसरीचा हाय असं असंल, ते कशाला ऐकू? पन्नास वर्सं ती वही माझ्या छातीवर बसलीया, सिंधू. भावकी वावरावर टपलेलीच हाय. आन पोराला कळलं तर मला आई म्हनंल का? तू काल म्हनलीस पानं उघडून ठेवनार. माझा जीव ऱ्हायला न्हाई."

मग तिनं विचारलं, "ते येवडं पान फाडता येतंय का?"

बाई म्हणाल्या, पान फाडणार नाही. वाचून दाखवते. या खेपेला कानावर हात ठेवू नका.

त्यांनी हिरवी वही उघडली आणि शाळेत धडा वाचायच्या तशा सावकाश वाचलं.

"बालकाचे नाव, इसिडोर. बापाचे नाव, भुजंग, शेतकरी, राहणार बोरदरी. आईचे नाव, रुक्मिण, वरील भुजंगाची बायको."

रुक्मिणबाई बघत राहिली. पुढं काय, असं तिनं विचारलं. पुढं काही नाही, बाई म्हणाल्या, पुढं तुमचा अंगठा आहे. साल्वादोर फादरांनी नियम मोडला होता की पाळला होता, हे बाईंना ठरवता येत नव्हतं. पण ज्या वहीच्या भीतीनं ही बाई पन्नास वर्षं नीट झोपली नाही, त्याच वहीत ती आई म्हणून लिहिलेली होती.

रुक्मिणबाईनं पदर तोंडाला लावला. बाईंना वाटलं, आता हिचं मन हलकं झालं. पण तिनं पदर काढला तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता.

"आन तिचं?" तिनं विचारलं. "तिचं नाव?"

"नाही, मावशी. तिचं काही लिहिलेलं नाही."

"कुटंच न्हाई?"

"कुठंच नाही."

"यल्लूबाई नाव व्हतं तिचं," रुक्मिणबाई म्हणाली. "म्या इचारलं व्हतं. ती म्हनली, यल्लू म्हनत्यात." आणि मग, खण सारखा करत, "म्या तिचं नाव लपवायला चोरी केली गं. आन त्यात तर ते न्हवतंच."

७

काळी वही रुक्मिणबाईनं स्वतः नेऊन दिली. खणासकट. फादर अँब्रोजना तिनं एवढंच सांगितलं, की मला वाचता येत नाही, माझ्या हातून चुकी झाली. फादरांनी बाईंच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. त्याच दिवशी दाखला लिहून झाला. तो द्यायला बसवराज स्वतः हदगावला गेला, आणि परत येताना नायगावात थांबून एक कुलूप घेऊन आला.

बाईंना अमरेशलाही भेटावं लागलं. तुझ्यावर संशय घेतला हे चुकलं, असं त्यांनी त्याला सांगितलं; आणि दाखला कोर्टात जातोय, हेही सांगितलं. त्यानं मान खाली घातली.

शेषेरावाला आईनं रानात गाठून सांगितलं. काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नाही. दोन दिवस तो कुळव धरून एकच रान आडवं-उभं पाळी घालत राहिला. बावन्न वर्षांचा, मिशा पांढऱ्या झालेला, नातवंडं असलेला माणूस. तिसऱ्या दिवशी तो सिंधुबाईंच्या दारात येऊन टोपी काढून उभा राहिला. बाईंना वाटलं, हा वही मागणार. त्यानं तसं काही मागितलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "तिला कुटं पुरलं?"

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चर्चमागच्या दफनभूमीत दुष्काळातली कितीतरी माणसं ठेवलेली, पण बऱ्याच जणांवर खूण नव्हती. त्या वर्षी खड्डा खणायलाच अंगात बळ असलेला माणूस मिळत नसे, दगड कोण रोवणार? वहीत नाही, नकाशात नाही. बाईंना एकच नाव सुचलं, पार्वतम्मा; दवाखान्यात गेलेल्यांना पुरताना ती हजर असायची.

सणाच्या दिवशी मिस्सा झाली, गाणी झाली, औताबाबाच्या पायाशी सुपं ओळीनं लागली, फादरांनी बियाण्यावर पाणी शिंपडलं. मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेत शेवटी एक नवं नाव वाचलं गेलं. ते कुणाचं, हे फार थोड्यांना कळलं. लोक जेवणाच्या मांडवाकडं वळले, तेव्हा शेषेराव पार्वतम्माच्या खाटेशी गेला आणि तिला हाताला धरून उठवलं. मागून रुक्मिणबाई, आणि थोडं अंतर राखून सिंधुबाई.

बाभळींच्या मधून ते चालले. ऊन मरणाचं होतं. आंधळ्या पार्वतम्मानं दफनभूमीच्या दगडी भिंतीला पाठ लावली, तोंड उगवतीकडं केलं आणि तेलुगूत पावलं मोजायला लागली. एका जागी चुकली. परत भिंतीशी आली. पुन्हा मोजली. शेषेराव तिच्या पावलाला पाऊल लावत होता, लहान पोरासारखा. एका उंचवट्याशी ती थांबली, काठी टेकली.

"इक्कडे," ती म्हणाली. इथं.

तिथं काही नव्हतं. कुसळं, दोन-चार गोटे, मुंग्यांचं वारूळ. शेषेराव टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला काय करावं ते सुचेना. त्यानं आईकडं बघितलं.

रुक्मिणबाई पुढं झाली. गुडघे धरत सावकाश खाली बसली. पदरानं तेवढी जागा झाडली, कुसळं वेचून बाजूला केली. मग लेकाचा हात ओढून त्याला आपल्याशेजारी बसवलं आणि जमिनीवर तळवा ठेवून, शेजारणीशी बोलावं तसं बोलली.

"यल्लू, ह्यो बघ. केवढा झालाय."